उजव्या दाराचा रंग का उडाला: एका गाडीच्या आतल्या प्लास्टिकचा प्रकरण अभ्यास

गाडी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावातली. 2019 साली घेतलेली, छोट्या एसयूव्हीच्या वर्गातली, आतून वर काळी आणि खाली फिकट बदामी. मालक कापूस, तूर आणि सोयाबीन घेणारे शेतकरी. घरात आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी. गाडी शेतावर जाते, बाजारात जाते, लग्नाला जाते आणि कधीमधी दवाखान्यासाठी नागपूरला जाते. माझा धंदा गाड्यांच्या आतल्या कामाचा: सीट, छत, दारांची पॅनेलं. माझ्याकडे ती आली एकाच तक्रारीसाठी. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल आणि काचेच्या बटणांची पट्टी चिकट झाली होती.

"हाताले चिकटते जी, अन् पोरीच्या ड्रेसले काळं लागते," मालक म्हणाले. शोरूमने पॉलिश मारून दिलं होतं. चार दिवस बरं दिसलं, मग त्यावर धूळ बसून आणखी घाण झालं. त्यांचं निदान ठाम होतं: "उन्हानं प्लास्टिक वितळलं, दुसरं काय!"

आपल्या भागात पाच-सहा वर्षं झालेल्या बहुतेक गाड्यांत असलं काहीतरी दिसतं. सगळ्याचं खापर उन्हावर फुटतं आणि सगळ्यावर उपाय म्हणून तीच चकचकीत पॉलिशची बाटली येते. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की या एका गाडीत निरनिराळ्या कारणांनी झालेले बिघाड शेजारी शेजारी होते, आणि कुठला कशाने झाला हे नुसतं नीट पाहून ओळखता येत होतं. त्यातला एक बिघाड शोभेपुरता नव्हता. मालकांच्या तो ध्यानातही आला नव्हता.

ऊन किती आणि प्लास्टिक कोणतं

आधी वितळण्याचा प्रश्न निकालात काढू. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45-46 ला सहज टेकतो. बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, आपल्यासारख्याच कोरड्या उन्हाळ्यात, संशोधकांनी 2018 साली मोजमापं प्रसिद्ध केली. 38 अंशांच्या वरच्या दिवशी उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांपर्यंत गेले, स्टिअरिंग 53 पर्यंत. आपल्याकडच्या मेमध्ये डॅशबोर्ड याच्याही वर जातो असं धरायला हरकत नाही.

तरीही ते वितळणं नव्हे. गाडीच्या आतलं सर्वात जास्त प्लास्टिक पॉलिप्रोपिलीन असतं, ते वितळतं साधारण 160 ते 165 अंशांना. बटणांच्या पट्ट्या, एसीच्या जाळ्या, कन्सोलचे तुकडे बहुधा एबीएस नावाच्या दुसऱ्या, कडक प्लास्टिकचे असतात. तेही शंभरच्या आसपास जाईपर्यंत मऊ पडत नाही. उन्हाची उष्णता वेगळ्या रीतीने काम करते. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. म्हणजे दुसऱ्या कुठल्या कारणाने जे हळूहळू व्हायचं होतं, ते उष्णतेमुळे लवकर होतं. ते दुसरं कारण शोधावं लागतं.

त्यासाठी आधी तुकडा कशाचा आहे ते कळलं पाहिजे. पॅनेल काढून उलटं केलं की पाठीवर दोन कोनी कंसांच्या मध्ये प्लास्टिकचं नाव ठसवलेलं सापडतं. या गाडीच्या दाराच्या पॅनेलवर पीपी, ईपीडीएम आणि टी20 असं होतं. म्हणजे पॉलिप्रोपिलीन, त्यात रबर, आणि 20 टक्के टाल्क, अर्थात शंखजिऱ्याची भुकटी. बटणांच्या पट्टीमागे एबीएस होतं. दोन्ही हाताला जवळपास सारखीच लागतात, पण ऊन, घाम आणि औषध यांना दोन्ही वेगवेगळं तोंड देतात.

सूर्य डावीकडे, डाग उजवीकडे

गाडीची सगळी दारं उघडून मी आधी दुरून पाहिलं. दोन्ही उजव्या दारांच्या आतल्या पॅनेलचा वरचा अर्धा भाग पांढुरका पडला होता. बदामी रंग राहिलाच नव्हता. डाव्या दारांवर फक्त काचेलगतची कड फिकी होती, बाकी रंग जसाच्या तसा. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून हाताने घासून रंग गेला असं वाटणं साहजिक आहे. पण मागच्या उजव्या दारालाही तेच झालं होतं, आणि तिथे क्वचितच कोणी बसतं.

मग मी विचारलं, गाडी घरी कुठे आणि कशी उभी असते? उत्तर मिळालं: अंगणात, तोंड उत्तरेला. पूर्वेला गोठ्याची भिंत. पश्चिमेला आधी कडुलिंब होता, रस्ता रुंद केला तेव्हा तो गेला. म्हणजे सकाळचं ऊन गोठा अडवतो आणि तिसऱ्या प्रहरानंतरचं सगळं ऊन डाव्या खिडक्यांतून आत येतं. डाव्या दाराची आतली बाजू तेव्हा स्वतःच्याच सावलीत असते. तिरपं ऊन सीटवरून पार जाऊन समोरच्या, म्हणजे उजव्या दाराच्या वरच्या अंगावर पडतं. फिकेपणाची खालची सीमाही तिरपी होती, आणि पुढच्या डाव्या सीटच्या पाठीची सावली जिथे पडायची तिथे रंग थोडा टिकला होता.

खात्री पटवली ती मुलीने मागच्या उजव्या दारावर चिकटवलेल्या फुलपाखराच्या स्टिकरने. मी त्याचं एक पंख हळूच सोलून पाहिलं. खाली 2019 सालचा कोरा बदामी रंग, अगदी पंखाच्या आकाराचा. त्याच दारावर, तीच हवा आणि तीच उष्णता सोसूनही झाकलेला भाग बचावला होता. याचा अर्थ रंग प्रकाशाने नेला.

इथे काचेचा फरक महत्त्वाचा आहे. समोरची काच दोन थरांची असते आणि मधल्या पातळ पडद्यात जवळजवळ सगळे अतिनील किरण अडतात. बाजूच्या काचा साध्या कडक केलेल्या. त्या अतिनीलमधला सर्वात तिखट भाग अडवतात, पण लांब लहरींचा बराच भाग आत सोडतात. म्हणून डॅशबोर्ड जास्त तापूनही या गाडीत त्याचा रंग नीट होता. तो काळा असल्याचाही फायदा झाला, कारण काळ्या प्लास्टिकमधलं कार्बन ब्लॅक स्वतःच अतिनील शोषून घेतं. बदामी रंगाच्या भागाला ते संरक्षण नसतं. तो कंपनीने मिसळलेल्या रसायनांच्या भरवशावर असतो आणि ती कालांतराने संपतात.

प्रकाशाने पॉलिप्रोपिलीनच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आत बांधलेली टाल्क उघडी पडते. बोट फिरवलं की बोटाला खडूची भुकटी लागते. ही धूळ आहे की झिजलेलं प्लास्टिक, हे ओळखायला पाणी पुरतं. ओल्या फडक्याने पुसा. धूळ असेल तर वाळल्यावरही रंग राहतो. झिजलेलं असेल तर ओलं असेतोवर मूळ रंग दिसतो आणि वाळलं की पांढुरकं होतं, कारण पाणी त्या भेगा तेवढ्यापुरत्या भरतं. पॉलिशही नेमकं एवढंच करतं, फक्त तेलाने.

चिकट हँडल

मालकांची मूळ तक्रार ही. ड्रायव्हरच्या दाराचं ओढायचं हँडल, बटणांची पट्टी आणि गिअरच्या दांड्याची कडी यांवर मखमली लागणारा मऊ मुलामा होता. खालचं प्लास्टिक साधं आणि कडक. महागडी गाडी वाटावी म्हणून हा मुलामा देतात. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याचे बंध पाणी तोडतं. दमट पावसाळा, घाम आणि उष्णता यांनी ते तुटत जातात आणि मुलामा डिंकासारखा होतो. हवेत आम्ल किंवा अल्क असेल तर हे काम आणखी वेगाने होतं.

पुढच्या डाव्या दारावर हाच मुलामा धड होता, फक्त किंचित ओलसर लागायचा. मागच्या दोन्ही दारांवर तर नव्यासारखा. म्हणजे मुलामा कमकुवत आहे हे खरं, पण त्याला एवढ्यात संपवलं ते चालवणाऱ्याच्या हाताने. बटणांच्या कडेला पांढरे कण साचले होते. मालक खर्रा खातात. पन्नीत सुपारी-तंबाखूला चुना लावून घोटायचं आणि त्याच बोटांनी काच खाली करायची. चुना कडक अल्क. वर हाताला आलेला घाम. आणि फवारणीच्या दिवसांत त्याच हाताला औषध. या तिन्ही गोष्टी एकाच हाताने, एकाच चार बोटांच्या जागेवर, सहा वर्षं पोचत राहिल्या.

कप होल्डरमधलं वर्तुळ

आता मी ज्याला खरा बिघाड म्हणतो तो. दोन सीटच्या मधल्या कन्सोलवर पाण्याची बाटली ठेवायच्या खळग्यात एक कडं उमटलं होतं. एक बाजू चकचकीत, दुसरीकडे प्लास्टिक उकळून गोठल्यासारखं सुरकुतलेलं. सुरकुतीत कागदाचा एक कपटा कायमचा रुतून बसला होता, त्यावर छापलेली अर्धी ओळ उलटी वाचता येत होती. एवढं नुकसान उन्हाने होत नाही, घामानेही नाही. मी नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. तो वास आपल्या भागात कोणालाही सांगावा लागत नाही.

"इथं औषधाची शिशी ठेवत होते का?"

"कधी कधी. घाई राहते, मंग मागं लवंडू नये म्हून समोर ठेवतो."

कापसावर पडणारी बरीच औषधं ई.सी. प्रकारची असतात. प्रोफेनोफॉस 50 ई.सी., क्लोरपायरीफॉस 20 ई.सी. अशी नावं दुकानात रोज ऐकू येतात. पाण्यात टाकली की दुधाळ होतात ती हीच. मूळ विष पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते झायलीनसारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. एबीएसला असलं द्रावक सहन होत नाही. थेंब पडला की पृष्ठभाग सुजतो, मऊ होतो, विरघळतो आणि द्रावक उडून गेल्यावर तशाच सुरकुत्यांसह पुन्हा कडक होतो. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत हे आणखी लवकर होतं. पॉलिप्रोपिलीन याला जास्त पुरतं. म्हणून दाराच्या खालच्या खिशात याच शिशीचं बूड टेकलं होतं तिथे फक्त तेलकट, किंचित फुगलेला डाग होता.

द्रावक उडून जातं, पण विष मागे राहतं. वरच्या दोन्ही औषधांचं विष कातडीतूनही अंगात जातं. 2017 च्या फवारणी हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेतकरी, शेतमजूर दगावले. शेतात मास्क आणि हातमोज्यांची चर्चा तेव्हापासून होते, आणि व्हायलाच हवी. पण शेतातून परतताना ज्या गाडीत बसतो त्या गाडीची चर्चा होत नाही. या खळग्यात मालकांची मुलगी शाळेची पाण्याची बाटली ठेवत होती. हे ऐकल्यावर मी बाकी सगळं काम बाजूला ठेवलं आणि आधी एवढंच केलं.

हातमोजे घातले, चारही दारं उघडी ठेवली. कन्सोलचा तो तुकडा काढून टाकला. तो धुऊन ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण सुरकुत्यांच्या आत काय साठलं आहे ते फडकं काढू शकत नाही. पायपुसण्याही टाकून दिल्या. दारांचे खिसे, बटणांची पट्टी, स्टिअरिंग, सीटबेल्टचं कुलूप, गिअरचा दांडा हे सगळं कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्यात ओल्या केलेल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं, दर वेळी नवं फडकं घेऊन. वापरलेली फडकी कोणी भांडी पुसायला नेऊ नये म्हणून वेगळी बांधली. मालकांना मी स्पष्ट सांगितलं: औषध घरच्या गाडीत आणूच नका. बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणा. नाइलाजच असला तर डिक्कीत, घट्ट झाकणाच्या बादलीत, शिशी उभी ठेवून. आणि फवारणी झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दाराला हात लावू नका. मालक गप्प बसून ऐकत होते. त्यांच्या आई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "मी त सांगतच होती, गाडीत वास येते मनून."

बाकीचे डाग

एसीच्या जाळीभोवतीच्या चकचकीत काळ्या पट्टीवर केसाएवढ्या बारीक चिरा होत्या. 2020-21 मध्ये सॅनिटायझरची बाटली तिथेच लटकवलेली असायची. अल्कोहोल आणि साच्यातच राहून गेलेला ताण एकत्र आले की काही चकचकीत प्लास्टिकं अशी तडकतात. शिवाय गोल गोल ओरखडे होते, ते कोरड्या फडक्याने काळ्या मातीची धूळ पुसल्याचे. चिरा बुजत नाहीत. वरून व्हिनाइलची मॅट फिल्म चिकटवली, दिसायला नीट झालं.

मागच्या डाव्या दारावरचा डाग मात्र रंजक होता. बदामी पॅनेलवर विटकरी लाल पट्टा. मालकीणबाईंना वाटत होतं कुंकू सांडलं. खरं म्हणजे पुतण्याच्या लग्नात हळद लागली होती आणि कोणीतरी ती धुण्याच्या सोड्याने घासली. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तेच इथे सोड्याने केलं. लिंबाचा रस थोड्या पाण्यात घालून पुसलं तेव्हा डाग डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा झाला. तो पुरता निघत नाही, कारण हळदीचा रंग तेलात मिसळणारा आहे आणि पॉलिप्रोपिलीनमध्ये मुरतो. पण उजेडात तो टिकत नाही. म्हणून मालकांना सांगितलं की काही दुपारी ते दार उघडं ठेवून उन्हाकडे तोंड करा, बाकी काही लावू नका.

उपाय आणि राहून गेलेलं

चिकट हँडलसाठी लोक बेबी पावडरपासून रॉकेलपर्यंत सगळं लावतात. पावडरने चिकटा दोन दिवस झाकला जातो, आणि रॉकेलने काय होतं ते कन्सोलच्या गोष्टीवरून कळावं. मुलामा एकदा बिघडला की तो सुधारत नाही, तो पुरता काढावाच लागतो. मी हँडलच्या खालच्या न दिसणाऱ्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवून पाहिला. कापूस काळा झाला आणि खाली कडक, कोरडं प्लास्टिक लागलं. मग बॅटरीची तार सोडली, बटणांच्या फटी टेपने बंद केल्या आणि थोडं थोडं अल्कोहोल घेऊन सगळा मुलामा पुसून काढला. कोपऱ्यातला प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडला. हे काम चकचकीत काळ्या पट्टीवर किंवा मीटरच्या पारदर्शक झाकणावर करायचं नाही, तिथे अल्कोहोलने चिरा पडतात. खालचं एबीएस तसंच उघडं ठेवलं. मखमल गेली, पण आता ते ओल्या फडक्याने पुसता येतं आणि कपड्याला काही लागत नाही.

उजव्या दारांचा गेलेला रंग परत येणार नव्हता, आणि तसं मी सांगितलं. रंग देता येतो, पण पॉलिप्रोपिलीनवर साधा रंग धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. आधी खास प्रायमर लागतो, आणि ते काम चांगलं केलं तर नव्या पॅनेलच्या खर्चाच्या जवळ जातं. मालकांनी ते नको म्हटलं. मलाही ते पटलं. भुकटी बारीक ओल्या कापडाने काढली, पाण्यावर आधारलेलं, न चमकणारं लेपन दिलं. तेलकट सिलिकॉनचं पॉलिश डॅशबोर्डवरूनही धुऊन काढलं. नागपूर-हैदराबाद महामार्गावर दुपारी गाडी चालवताना त्याची झळाळी समोरच्या काचेत उमटते आणि वाहन पुढे आहे की सावली, ते कळत नाही.

काळ्या फिल्मचा विषय निघालाच. तो मार्ग सोपा नाही. काचा तयार होतानाच समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड पार गेला पाहिजे असा नियम आहे. वरून फिल्म चिकटवण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मनाई केली होती. 2021 पासून नियम थोडा बदलला, पण उजेडाची ही मर्यादा तशीच आहे, काळी फिल्म त्यात बसत नाही. उभ्या गाडीत कापड लावायला मात्र काही अडचण नाही. मालक उजव्या दाराला पडदे शिवायला निघाले होते. मी म्हटलं, पडदा डावीकडे लावा, ऊन तिकडून येतं. आता गाडी अंगणात लागली की डाव्या दोन्ही काचांना आतून जुन्या लुगड्याचे तुकडे अडकवलेले असतात. बाहेर निघताना ते काढून डिक्कीत टाकतात.

पावसाळा संपल्यावर गाडी सीटच्या कामासाठी पुन्हा आली तेव्हा पाहिलं. हँडल कोरडं होतं. हळदीचा पट्टा इतका फिका झाला होता की शोधावा लागला. उजव्या दारांवर पांढुरकेपणा लेपनाखालून पुन्हा डोकावत होता, पण बोटाला भुकटी लागत नव्हती. नव्या कन्सोलच्या खळग्यात मुलीची बाटली होती. डिक्कीत झाकणाची निळी बादली होती, आणि मालकांनी ती माझ्यासमोर उघडून आत शिशी उभी ठेवायला बसवलेली लाकडाची चौकट दाखवली.